फळ्यावरचं

हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, आत लांब रस्त्याच्या टोकाला एक घर दिसेल तिकडे बघत राहा, असं त्या मुलीनं सांगितलं आणि बाईंनी निमूटपणे हनुवटी टेकवली. यंत्राच्या आत खरोखरच रस्ता होता, दोन्हीकडे हिरवंगार काहीतरी होतं आणि टोकाला लाल छपराचं घर. आधी धूसर, मग एकदम स्वच्छ, मग पुन्हा धूसर. चष्म्याच्या दुकानाची ती मागची खोली जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी होती. भिंतीवर आरसा, आरशात अक्षरांचा उजळलेला तक्ता, आणि कोपऱ्यात एक पंखा, जो वळताना दर खेपेला कशाला तरी घासत होता. मुलगी कसली, चाळिशीला आली असेल. पण बाईंना आता पन्नाशीच्या आतलं कुणीही मुलगीच वाटायचं. हात सराईत होता तिचा. जड पोलादी फ्रेम तिनं बाईंच्या नाकावर चढवली, तीत एकामागून एक काचा टाकल्या, काढल्या. "हे बरं, की आधीचं बरं होतं?" "आधीचं." "आणि आता?" "हे... नाही, सारखंच वाटतंय." "सारखंच असेल तर सारखंच म्हणा. घाबरू नका, ही काही परीक्षा नाही." बाईंना गंमत वाटली. जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगत आलो, आणि मुलं तरीही घाबरायची. मग मुलगी म्हणाली, खालून दुसरी ओळ वाचा. बाईंनी वाचली, शेवटचा शब्द घर म्हणून वाचला.

"धर," मुलगी म्हणाली. "चालेल हो. ध नि घ मध्ये भलेभले फसतात. मी तर लहानपणी सगळंच घ वाचायचे, धरणाला घरण म्हणायचे. मग चष्मा लागला नि आमचे गुरुजी मला दुर्बीण म्हणायला लागले."

बाईंनी झटकन मान वर केली. "काय म्हणायचे?"

"दुर्बीण. लांबचं दिसायला लागलं ना एकदम, म्हणून. मान हलवू नका."

"कुठे होती शाळा?"

"खेड्यातली हो. तुम्हाला नाही माहीत असणार. दोन खोल्या, त्यातली एक कायम बंद. बाहेर पाण्याची टाकी. एवढंच."

बाईंना माहीत होतं. बंद खोलीत गावची खताची पोती असायची, उन्हाळ्यात त्यांचा वास भिंतीतून झिरपावा तसा वर्गाच्या खोलीत यायचा आणि पहिलीतली मुलं डोळे चोळत बसायची. टाकीचा नळ गळायचा, त्याच्या खाली हातभर हिरवळ होती आणि त्या हिरवळीवर कुणी बसायचं यावरून रोज मारामारी. हे सगळं बाईंच्या ओठांवर आलं. पण मुलगी बोलतच होती, तोंडानं बोलायचं नि हातानं काचा बदलायच्या, अशी तिला सवय असावी. "गुरुजींच्याच लक्षात आलं, मला दिसत नाही म्हणून. नाहीतर खेड्यात कोण बघतंय हो, पोरीला दिसतंय की नाही. आज मी हे काम करते ना, ते त्यांच्यामुळे."

"अजून कुणी नव्हतं तुम्हाला शिकवायला?" बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना त्या पोलादी फ्रेमच्या पलीकडून आल्यासारखा वाटला.

"होत्या ना एक बाई. मग मध्येच कधीतरी गेल्या. मला काही फारसं आठवत नाही त्यांचं. हं, आता डावा डोळा झाका."

बाईंनी डावा डोळा झाकला. तळहाताच्या काळोखात त्यांना वाटलं, की आत्ता बोलावं, फ्रेम काढून खाली ठेवावी आणि म्हणावं, अगं मिचमिचे, मी ती. मिचमिची हे तिचं दुर्बीण होण्याआधीचं नाव, सदा डोळे बारीक करून बघायची म्हणून पोरांनी ठेवलेलं. पण मुलीनं ओळ वाचायला सांगितली आणि बाई ओळ वाचत राहिल्या. चष्मा चार दिवसांनी मिळेल म्हणाली. दुकानातून बाहेर पडताना उंबऱ्याची पायरी त्यांच्या लक्षात आली नाही आणि त्या जवळजवळ पडल्याच.

मध्येच कधीतरी. रस्त्यानं चालताना बाई हे दोन शब्द जिभेवर फिरवत राहिल्या, दातात अडकलेला तंतू जिभेनं चाचपत राहावं तसे. आपलं सगळं तरुणपण त्या दोन शब्दांत बसलं. त्या गावात उतरल्या तेव्हा त्यांच्या वेणीला गाठ मारावी लागायची, इतकी लांब होती. गाव सोडलं तेव्हा भांग रुंद झाला होता. पिठाच्या गिरणीमागे एक खोली भाड्यानं मिळाली होती. गिरणी सुरू झाली की खोलीतला आरसा थरथरायचा, आणि संध्याकाळी वह्या तपासताना पानांवर पिठाची बारीक साय धरायची, बोट फिरवलं की अक्षर खालून वर यायचं. शाळेत चार यत्ता आणि शिकवणारी माणसं दोन. त्यातले गुरुजी हे मोठे, म्हणजे हुद्द्यानं मोठे आणि अंगानंही मोठे. शाळा भरून, प्रार्थना होऊन, पहिलीची पाढ्यांची एक फेरी आटपली की त्यांची सायकल भिंतीला टेकायची. आले की घाम पुसत खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून ही शाळा आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की बाईंना पहिल्यांदा त्याचा आनंद व्हायचा, मग राग येऊ लागला, आणि शेवटी शेवटी ते पंख्याच्या आवाजासारखं ऐकू येईनासं झालं. चार यत्ता सांभाळणं म्हणजे चार चुलींवर चार पातेली. पहिलीला गिरवायला द्यावं तर चौथी उतू जाते, चौथीकडे धावावं तर दुसरी करपते. गुरुजी त्यातल्या एकाही पातेल्याला हात लावायचे नाहीत. ते दुपारी तोंडावर रुमाल टाकून झोपायचे आणि अख्खी शाळा चवड्यांवर चालायची. पण त्यांनी डोळे उघडले, रुमालाची घडी केली, आणि नुसतं "एक होता चोर, त्याला सावलीच नव्हती," एवढं म्हटलं, की बाईंच्या हातातला खडू हातातच राहायचा. चारही यत्ता तिकडे. भिंतीला पाठ लावून बसलेलं, पाटी पुसायला थुंकी गोळा केलेलं, शेजाऱ्याला चिमटा काढायला हात लांब केलेलं, जे जसं असेल ते तसंच थिजायचं. गुरुजींना चौदा पक्ष्यांचे आवाज काढता येत होते की दहा, कुणी मोजले नव्हते. ओढ्यावर खेकडे पकडायला पोरांना घेऊन जायचे आणि परत येऊन बाईंना डोळा मारल्यासारखं म्हणायचे, "आज विज्ञान झालं." दुसऱ्या दिवशी बाई त्या ओल्या, चिखलानं माखलेल्या मुलांना कानामात्रा शिकवायच्या. आणि तेव्हा त्या मनाशी म्हणायच्या, की आज नाही कळणार यांना, पण मोठी झाली की कळेल कुणी काय दिलं. या एका वाक्यावर त्यांनी ती वर्षं काढली होती. उधारीवर नाही म्हणता यायचं. ती ठेव होती, मुलांच्या डोक्यात ठेवलेली, आणि ती कुणी हात न लावता वाढतेय अशी त्यांची खात्री होती.

घरी नवरा शब्दकोडं सोडवत बसला होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता आणि यंत्रांच्या धडधडीत अर्धे कान, त्यामुळे तो स्वतःही ओरडूनच बोलायचा. बाईंचं लग्न उशिरा झालं, तोही बिजवर, त्याला पहिल्या बायकोची एक मुलगी होती. तिला बाईंनी गणितात पहिली आणली. ती अजूनही त्यांना मावशी म्हणायची आणि फोन वडलांना करायची. नवरा मनानं चांगला होता. बाई त्याला मुद्दाम असं काही सांगायच्या नाहीत, पण आज चपला काढता काढताच सांगून गेल्या.

"मग सांगायचं ना तिला!" तो ओरडला.

"कसं सांगणार?"

"तोंडानं! आणि कसं?"

"म्हणजे मी म्हणायचं, की बघ, ते गुरुजी नव्हते, मी होते? आपलं आपणच?"

"मग काय वकील लावतेस?" त्यानं पेन्सिल कानाला लावली. त्याला हे मजेदार वाटत होतं हे बाईंना दिसत होतं, आणि ते गैर होतं असंही नाही. चष्म्याच्या दुकानात जुनी विद्यार्थिनी भेटते, ओळखत नाही, मजेदारच आहे. "चष्मा आणायला जाशील तेव्हा सांग. खूष होईल पोरगी. डोळ्यांत पाणी येईल बघ तिच्या."

ते चार दिवस बाईंनी जुन्या चष्म्यातून काढले आणि जे हवं ते धूसर आणि जे नको ते स्वच्छ दिसत राहिलं. भाजी निवडताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, समोरच्या इमारतीच्या जिन्यात चढ-उतार करणाऱ्या माणसांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे तीच पोर. तेलकट कपाळ, एका बाजूनं उसवलेला झगा, आणि मान किंचित तिरकी करून बघायची लकब. वाचनाच्या तासाला ती अख्खा धडा घडाघडा म्हणायची, पण बोट भलत्याच ओळीवर असायचं. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की शेजारणीच्या पाटीवरचं उतरवायची, शेजारणीच्या चुकांसकट. एकदा तर पाटीच्या कोपऱ्यात शेजारणीचं नावसुद्धा स्वतःचं म्हणून लिहून आणलं. पोरं हसून लोळली. गुरुजी म्हणाले, "मठ्ठ आहे हो बाई ती. घरचेच तसे. आवाज तेवढा गोड आहे, प्रार्थनेला पुढे उभी करा." मठ्ठ. बाईंना तो शब्द आठवला आणि त्यांच्या हातातला वाटाण्याचा दाणा उडून फ्रिजखाली गेला. गुरुजींनीच म्हटलं होतं, आणि एकदा नाही. बाईंनी मात्र शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. जाड पुठ्ठ्याला खिडकी कापून एकेक ओळच दिसेल असं केलं, तरी काही फरक पडेना. एके दिवशी सगळी मुलं गेल्यावर त्यांनी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, फळ्यावर हातभर मोठा घ काढला, शेजारी ध काढला, आणि विचारलं, फळ्यावरचं काय दिसतं तुला? पोरीनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, खूप विचार केला. आणि म्हणाली, "काळं."

काळं. पहिलीपासून ती पोर त्या काळ्याकडे तोंड करून बसत होती, सगळ्यांनाच तसं दिसतं आणि तरीही बाकीच्यांना येतं आणि आपल्याला येत नाही अशा समजुतीनं. बाईंना त्या वेळी रडू आलं होतं का? आता त्यांना वाटत होतं, आलं असावं. मग तिच्या आईच्या दारात त्या संध्याकाळमागून संध्याकाळ उभ्या राहिल्या. आई म्हणायची, चष्मेवाली पोर कोण करील, तुम्ही करून घ्याल का? या टोमण्याचा रोख बाईंच्या स्वतःच्या बिनलग्नाच्या असण्याकडे होता आणि तो त्यांना लागला, तरी त्या पुन्हा गेल्या. शेवटी आई कंटाळून म्हणाली, न्या बाई, काय करायचं ते करा. बाईंनी सुट्टी टाकली, पोरीला एसटीच्या मोटारीत घातलं आणि शहरातल्या दवाखान्यात नेऊन आणलं. गुरुजींनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, "असं? कमाल आहे!" आणि कूस बदलावी तसे खुर्चीत दुसरीकडे वळले.

चष्मा आला आणि खरा तमाशा सुरू झाला. काळ्या जाड काड्यांचा, तिच्या तोंडाच्या मानानं केवढा तरी मोठा. पोरांनी पहिल्याच दिवशी तिला म्हातारी म्हटलं. दुसऱ्या दिवशी चष्मा नाही. टाकीमागे दगडाखाली पुरून ठेवला होता. बाईंनी शोधला, पुसला, घातला, आणि चारही यत्तांना समोर बसवून डोळ्यांची निगा या विषयावर बोलल्या. चांगलं बोलल्या होत्या. डोळ्याचं चित्रसुद्धा काढलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दगड. हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. मग एका दुपारी गुरुजींनी रुमाल दूर केला, पोरीला हाक मारली, तिच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या मोठ्या नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघून "अरे बापरे!" म्हणाले. काय दिसतं गुरुजी? "त्या टेकडीवर एक शेळी आहे. ती काय खातेय माहितीये? दुसरीतल्या त्या लांब कानाच्या पोराची टोपी!" लांब कानाच्या पोराचा हात डोक्याकडे गेला. मग काय, एकेकाला चष्मा लावून बघायचा होता. ज्याला काही दिसायचं नाही त्याला गुरुजी म्हणायचे, तुझ्या डोळ्यांत ताकद नाही बेट्या, हा चष्मा ज्याचा त्यालाच चालतो, ही दुर्बीण आहे दुर्बीण. त्या दिवसापासून पोर टाकीवर चढून बसायची आणि लांबून कोण येतंय ते सगळ्या शाळेला ओरडून सांगायची. बाईंना आठवलं की त्या रागावल्या होत्या. चष्मा ही खेळायची वस्तू नाही, काचांवर चाळीस मुलांची बोटं उमटलीत, आणि डोळ्यांत ताकद वगैरे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असं त्या गुरुजींना बोलल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "खरंय तुमचं बाई. पण आता ती तो पुरायची नाही." आणि तिनं तो पुरला नाही. पुढे साहेब तपासणीला आले तेव्हा गुरुजींनी तिला पुढे करून सांगितलं, या मुलीच्या डोळ्यांचं आमच्या लक्षात आलं. आमच्या. बाई तेव्हा शेजारी उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या होता, आणि त्या काही बोलल्या नाहीत, कारण आमच्यात आपण येतोच असं त्यांना वाटलं होतं.

आता त्या बोलणार होत्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी बरी साडी नेसली, आरशात बघून केस सारखे केले, ते कशासाठी हे स्वतःशी कबूल न करता. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. थोरपणा मिरवायचा नाही. सहज म्हणायचं. आणि तिनं नाहीच मानलं तर, तर शेवटचं एक वाक्य होतंच. तुझे गुरुजी तुला मठ्ठ म्हणायचे. ते वाक्य त्यांच्या पर्समध्ये असल्यासारखं त्यांना सारखं जाणवत होतं. त्याची कडा कुठेतरी टोचत होती आणि ते बरं वाटत होतं.

दुकानात गर्दी नव्हती. मुलीनं चष्मा आणला, काड्या गरम वाळूत धरून थोड्या वाकवल्या, बाईंच्या डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही कानांमागे बोटं घालून चाचपलं. "इथे टोचतंय?" त्या बोटांची ऊब बाईंना अनपेक्षित होती. एवढ्या जवळून त्यांना तिचा चेहरा आता स्वच्छ दिसला. तिच्या स्वतःच्या चष्म्यामागचे डोळे मोठे, शांत, कुठेही न मिचमिचणारे होते. मिचमिचीचं त्यात काहीच उरलं नव्हतं. मान मात्र किंचित तिरकी.

"परवा तुम्ही त्या गुरुजींचं सांगत होता," बाई म्हणाल्या. "मी विचार करत होते. आधी कळलं नसेल ना त्यांना? म्हणजे, मुलीला दिसत नाही हे कळेपर्यंत... त्यांना वाटत असेल की ही मुलगी जरा..."

"मठ्ठ!" मुलगी हसली. "अहो वाटत असेल काय, म्हणायचेच. आणि नंतर सगळ्यांना सांगायचे ते स्वतः. मी शिकून इकडे नोकरीला लागले ना, तेव्हा गावात माझा सत्कार केला होता. भर सभेत म्हणाले, मी हिला मठ्ठ समजत होतो, पण या शाळेत मठ्ठ एकच होता आणि तो खुर्चीत झोपायचा. लोक असे हसले! मी रडले." ती काड्यांवरून मऊ फडकं फिरवू लागली. "गेल्या वर्षी गेले ते. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्यांना. मी जायचे. मला म्हणायचे, दुर्बीण, बाहेर काय चाललंय सांग."

बाईंच्या पर्समध्ये आता काही नव्हतं. तिथेही गुरुजी आधीच जाऊन आले होते. स्वतःची झोपसुद्धा त्यांनी गोष्ट करून सांगितली होती आणि लोक हसले होते, आणि बाईंच्या जागेपणाची गोष्ट होत नव्हती. पण अजून दवाखाना होता. दवाखाना कुणाच्या तोंडून फिरणार नव्हता.

"आणि दवाखान्यात कुणी नेलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "डोळे तपासायला?"

मुलीचा हात फडक्यावर थांबला. हसू राहिलं, पण त्यातलं काहीतरी मागे सरलं. "तुम्हाला गंमत सांगू? मला तेवढं एकच आठवतं त्या बाईंचं. त्यांनीच नेलं होतं. मोटारीतून. मला कुणी सांगितलंच नव्हतं कुठे नेताहेत ते. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि सगळी वाट एक शब्द बोलल्या नाहीत. माझं मनगट असं घट्ट धरलेलं. मला वाटलं, मला वाचता येत नाही म्हणून या मला कुठेतरी सोडून यायला निघाल्यात." तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "मी एवढी घाबरले होते की जागेवरच, म्हणजे, ओली झाले. तरी काही बोलल्या नाहीत. अजून कधीतरी स्वप्नात येते ती मोटार. वाईट नसतील हो त्या, गुरुजी तर चांगलंच बोलायचे त्यांच्याबद्दल. पण मला... जाऊ दे. टोचत नाही ना कुठे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही का विचारलंत पण?" मुलगी त्यांच्याकडे बघू लागली, नीट, धंद्याच्या नजरेनं नव्हे. मान आणखी थोडी कलली. "तुम्ही पण शाळेत होता का? कुठल्या?"

त्या क्षणी बाईंना नव्या चष्म्यातून सगळं फार स्वच्छ दिसत होतं. काउंटरच्या काचेवरचा ओरखडा, मुलीच्या हनुवटीवरचा एक पांढरा केस, तिच्या डोळ्यांत नुकतंच उगवू लागलेलं काहीतरी. आणखी थोडा वेळ थांबलं असतं तर ते पूर्ण उगवलं असतं.

"छे," बाई म्हणाल्या. "मी कुठली शाळेत. मी आपली घरीच."

रस्त्यावर ऊन होतं. चष्म्यामुळे पदपथ वर आल्यासारखा वाटत होता आणि बाई पाय जरा जास्तच उचलून टाकत होत्या, पाण्यातून चालल्यासारख्या. त्यांना ओलं झालेलं आठवलं. आतापर्यंत कधी आठवलं नव्हतं, आणि आता मुलीनं सांगितल्याबरोबर ते तसंच्या तसं होतं. मोटारीच्या फाटक्या गादीवर पसरत गेलेलं, त्यांच्या साडीच्या काठापर्यंत आलेलं. त्यांनी काठ उचलून घेतला होता आणि खिडकीबाहेर बघितलं होतं, पोरीला लाज वाटू नये म्हणून. हे त्यांना अगदी खरं आठवत होतं. तिला लाज वाटू नये म्हणूनच. मनगट धरलं होतं ते रस्ता खराब होता आणि पोर किडमिडी होती, आदळेल म्हणून. आणि बोलल्या नव्हत्या, कारण... इथे बाई एका दुकानाच्या पायरीशी थांबल्या. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं. वर्गात असतं तर सुचलं असतं. वर्गात समोर मुलं असली की बोलणं आपोआप यायचं, धडा असायचा, फळा असायचा. पण एक एकटी पोर, शेजारी, अंगाला अंग लागून, आणि शिकवायचं काही नाही, तर तिच्याशी काय बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोनदा मनातल्या मनात वाक्य जुळवलं होतं. घाबरू नकोस, डॉक्टर फक्त डोळे बघतील. इतकं सोपं वाक्य. दोन्ही वेळा त्यांना वाटलं, की ते आपल्या तोंडून बरं दिसणार नाही, खोटं वाटेल. आणि तरी तो दिवस त्यांनी जपला होता. एकटेपणात पुन्हा पुन्हा काढून बघितला होता. परतीच्या वाटेवर पोर त्यांच्या दंडाला डोकं लावून झोपली होती आणि उतरेपर्यंत बाईंनी हात हलवला नव्हता. बधिर झाला होता हात. आपल्या आयुष्यात कुणीतरी आपल्यावर इतकं विसंबून झोपलं, असं त्यांना वाटलं होतं. ती विसंबून झोपली नव्हती. रडून रडून थकली होती. की दोन्ही? हे आता कुणाला विचारणार. जिला विचारायचं, तिच्यासमोर त्या आत्ताच सांगून आल्या होत्या, मी आपली घरीच.

नवऱ्यानं दार उघडलं आणि आधी चष्म्याकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. "काय झालं? ओळखलं?"

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. खरं सांगायला फार शब्द लागले असते, आणि ते ओरडून सांगावे लागले असते.

"ओळखलं," त्या म्हणाल्या.

"म्हटलं नव्हतं मी! रडली की नाही?"

"रडली."

"म्हटलं नव्हतं!" तो खरोखर आनंदला. त्याचा तो लालसर झालेला, दाढी न केलेला चेहरा बघून बाईंना एकदम त्याची कीव आली आणि स्वतःची चीडही. त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवलं. बाहेर त्यानं फोन लावला होता, आपल्या मुलीला. भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जावं असं तो सांगत होता. अगं तुझ्या मावशीची विद्यार्थिनी भेटली, चष्म्याच्या दुकानात! हो, मावशीनंच तिचे डोळे ओळखले होते लहानपणी, आंधळी झाली असती ती! मावशीच्या गळ्यात पडून रडली, दुकानातले सगळे बघत राहिले! आंधळी झाली नसती, बाईंच्या मनात आलं. गळ्यात कुणी पडलं नव्हतं. तो थांबला, तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग त्यानं आत ओरडून विचारलं, "अगं, ही विचारतेय, दवाखान्यात एकटीच घेऊन गेली होतीस का तू पोरीला? घाबरली नाही का ती म्हणे?" फोनवरची मुलगी मावशीबद्दल काही विचारतेय, हे पहिल्यांदाच होत होतं. पाण्याला बुडबुडे येऊ लागले होते. बाईंनी पातेल्याची कड धरली आणि त्यांच्या तोंडून ते आलं. सहज, मोकळं, आवाजात चढउतार घेऊन, जसं त्यांना उभ्या आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"घाबरेल कशी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सांग तिला, सगळी वाट गोष्टी सांगत होते मी!"